संत जनाबाई : लेकरांच्या घरातलं नामस्मरण

गोदावरीच्या काठी, आजच्या परभणी जिल्ह्यात, गंगाखेड नावाचं गाव आहे. तिथे दमा नावाच्या विठ्ठलभक्ताच्या घरी जनाबाईचा जन्म झाला. आईचं नाव करुंड. घर गरिबीचं, समाजानं खालचं मानलेलं. पण घरात पंढरीची ओढ होती. जनाबाई पंढरपूरला दामाशेटींच्या घरी कशी आली, हे आपल्या परंपरेत दोन तऱ्हांनी सांगतात. कोणी म्हणतात, आई लवकर गेली म्हणून बापानं पोरीला दामाशेटी शिंप्यांच्या पदरात घातलं. कोणी म्हणतात, आईबापांबरोबर वारीला आलेली पोर देवळातून परत फिरायलाच तयार होईना. पाच-सात वर्षांची पोर आईच्या कुशीतून सुटली आणि दुसऱ्याच्या घरी कामाला लागली, एवढं दोन्ही कथांत सारखं आहे.

दिंडीच्या शताब्दीच्या या अंकात जनाबाईचं चरित्र सांगताना एक प्रश्न समोर ठेवला आहे. आपल्या मायबहिणी तो नेहमी विचारतात. एक मूल अंगावर पिणारं, दुसरं पायात घुटमळणारं, अशा बाईनं नाम घ्यायचं कधी? हरिपाठाला बसावं तर मूल रडतं. काकड्याला उठावं तर रात्रभर डोळ्याला डोळा लागलेला नसतो. वारीला निघावं तर पोरांना कुणाकडे ठेवायचं? आणि मग मनाला एक खंत लागते, की आपल्या हातून देवाचं काहीच होत नाही. शरीर थकलेलं असतंच, वर या खंतीनं मनही थकतं.

या प्रश्नाला जनाबाईच्या आयुष्यात उत्तर आहे, कारण तिचं सारं आयुष्य लेकरांनी भरलेल्या घरात गेलं. पण ते चरित्र नीट बघायला हवं. घाईनं वाचलं तर उलटंच उत्तर हाती येतं आणि ते बायकांच्या अंगावर ओझं म्हणून पडतं.

शके ११९२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२७० मध्ये, नामदेवरायांचा जन्म झाला. परंपरा सांगते की जनाबाई त्यांच्याहून थोडी मोठी होती आणि तिनं त्यांना अंगाखांद्यावर खेळवलं. आता हे चित्र डोळ्यांसमोर आणा. स्वतः अजून खेळायच्या वयाची पोर, आणि तिच्या कडेवर दुसऱ्याचं बाळ. आपल्या खेड्यापाड्यांत हे काही नवीन नाही. मोठ्या बहिणीच्या कडेवर धाकटं भावंड आणि ती शेताच्या बांधावर उभी, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. फरक इतकाच, की जनाबाईला संध्याकाळी घरी आल्यावर जवळ घेणारी आई नव्हती. गोणाई मालकीण होती, भली होती, पण ती आई नामदेवांची.

म्हणूनच पुढे जनाबाईच्या अभंगांत विठ्ठल पुन्हा पुन्हा आई होऊन येतो. ती त्याला बाई म्हणून हाक मारते, माय म्हणून त्याच्याकडे हट्ट धरते, कधी रुसते. पोरकं लेकरू जसं कुणालाही आई म्हणेल, तशी ती विटेवरच्या देवाला आई म्हणाली. दिवसभर दुसऱ्याची लेकरं सांभाळणाऱ्या या बाईला स्वतःला लेकरू व्हायला एक जागा लागत होती. ती तिनं शोधून काढली आणि आयुष्यभर सोडली नाही. तिच्या चरित्रातली ही पहिली गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. मुलांना सांभाळणाऱ्या बाईलाही कुणीतरी सांभाळावं लागतं, आणि तशी गरज वाटणं हा तिचा दुबळेपणा नव्हे.

नामदेवरायांचं लग्न राजाईशी झालं. नारा, विठा, गोंदा आणि महादा हे चार मुलगे झाले, लिंबाई ही मुलगी झाली. पुढे लाडाई, गोडाई, येसाई आणि साखराई या सुना आल्या. दामाशेटी आणि गोणाई, नामदेव आणि राजाई, बहीण आऊबाई, ही सारी मुलंसुना आणि जनाबाई, असं पंधरा माणसांचं ते घर. कडेवर खेळवलेल्या नामदेवाची मुलंही जनाबाईच्याच डोळ्यांदेखत लहानाची मोठी झाली. तिनं स्वतः संसार केला नाही, तिला मूलबाळ नव्हतं. पण दोन पिढ्यांचं रांगणं, पडणं, आजारपण तिच्या वाट्याला आलं.

आणि घरातला कर्ता माणूस कुठे? नामदेवराय ज्ञानोबामाउलींबरोबर तीर्थयात्रेला गेले. १२९६ मध्ये आळंदीला माउलींनी समाधी घेतली तेव्हा ते तिथे होते. पुढे भागवत धर्माची पताका घेऊन ते उत्तरेत गेले, पंजाबात घुमानला राहिले. त्यांची ६१ पदं शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत. एवढं थोर काम त्यांच्या हातून झालं. पण ते बाहेर असताना पंढरपुरात रोज सकाळी चूल पेटवावी लागत होती, पोरं जेवायला मागत होती. घरातल्या बायकांनी याची तक्रार केली नाही असं नाही. गोणाईनं आणि राजाईनं केलेली गाऱ्हाणी त्यांच्याच नावच्या अभंगांतून नामदेवांच्या गाथेत आजही आहेत. आपल्या संप्रदायानं ती झाकून ठेवली नाहीत. मुलगा देवाच्या नादी लागला आणि घराकडे बघत नाही, असं म्हणणारी आई गाथेत आहे. नवऱ्याच्या भक्तीपायी घरात दाणा उरत नाही, असं म्हणणारी बायको गाथेत आहे. संतांच्या घरचीच ही गाऱ्हाणी आहेत, तेव्हा आपल्या घरच्या गाऱ्हाण्यांची आपल्याला लाज वाटायचं कारण नाही.

त्या घरातलं काम काय होतं, हे जनाबाईच्या अभंगांतूनच कळतं. झाडलोट, सडा, शेण गोळा करणं, गोवऱ्या थापणं, पाणी भरणं, धुणं, कांडण आणि सगळ्यात मोठं म्हणजे दळण. आज गिरणीतून पीठ येतं, त्यामुळे दळण म्हणजे काय हे नव्या पिढीला सांगावं लागतं. पंधरा माणसांचं रोजचं पीठ म्हणजे पायलीनं धान्य. पहाटे कोंबडा आरवायच्या आत जात्यावर बसायचं. खुंट्याला धरून वरची पाळ फिरवत राहायची, मधूनमधून मूठमूठ वैरण घालायची. खांदे भरून येतात, तळहाताला घट्टे पडतात. म्हणून जात्यावर शक्यतो दोघी बसतात. समोरासमोर बसून दोघी एकच खुंटा धरतात. एकीनं ओढलं की दुसरीनं ढकलायचं. एकटीला जे ओझं वाटतं तेच दोघींना खेळासारखं होतं, आणि मग तोंडातून ओवी आपोआप निघते. पाय पसरून दळणाऱ्या आईच्या मांडीवर बाळ टाकलेलं असतं आणि जात्याच्या घरघरीत ते झोपूनही जातं. आपल्या जुन्या बायकांची अर्धी अंगाई जात्यानंच गायली आहे.

जनाबाईचं नामस्मरण या कामात गुंफलेलं होतं. तिला वेगळी वेळ नव्हती. कीर्तनात उभं राहायला, तीर्थाला जायला तिला सवड कुठली? तिनं नाम वेळेला न बांधता हाताला बांधलं. जात्याचा फेरा तसा नामाचा फेरा. मुसळ उचललं की विठ्ठल, खाली आलं की विठ्ठल. गोवऱ्यांची गोष्ट आपण कीर्तनात ऐकतोच. जनाबाईच्या गोवऱ्या चोरीला गेल्या, भांडण लागलं, आणि ओळख पटवायला कबीरांनी गोवरी कानाशी धरली तर तिच्यातून विठ्ठलनाम ऐकू आलं. या कथेत मला एक साधा अर्थ दिसतो. थापताना बाई जे मनात धरते ते त्या वस्तूत उतरतं. मग बाळाला तेल लावताना, घास भरवताना, अंगावर पाजताना मनात जे नाम असेल ते बाळात उतरणार नाही का? लेकराची आंघोळ संपवून मग देवपूजेला बसायचं, अशी वाटणी करण्याची गरज जनाबाईला पडली नाही. आंघोळ घालतानाच नाम घ्यायचं. झोळीला झोका देतानाच हरिपाठ म्हणायचा. पाठ अर्धा राहिला तरी चालेल. बाळ उठलं तर बाळाला घ्यायचं, हरिपाठ तिथेच थांबवायचा आणि पुढच्या झोक्याला तिथून पुढे म्हणायचा. देव काही हजेरी मांडत बसत नाही.

इथपर्यंतची गोष्ट सगळेच सांगतात. पण इथेच थांबलो तर घोटाळा होतो. एखाद्या घरात सून थकून बसली की कुणीतरी म्हणतं, जनाबाईनं नाही का एवढं काम केलं? तिनं कधी कुरकुर केली का? आणि संतांचं नाव पुढे करून दमलेल्या बाईला आणखी एक काम सांगितलं जातं. म्हणून चरित्राचा पुढचा भाग तितक्याच मोठ्या आवाजात सांगायला हवा.

जनाबाईनं ते सगळं काम एकटीनं केलं असं तिची कथा सांगतच नाही. तिची सगळ्यात लाडकी कथा अगदी उलट आहे. जनाबाई दमली. तिनं देवाला हाक मारली. आणि पंढरीचा राणा तिच्या समोर बसला, त्यानं खुंट्याला हात घातला आणि दळू लागला. जात्याला दुसरा हात लागतो ना, तो हात पांडुरंगाचा झाला. पुन्हा असंही नाही की देव एकदाच आला आणि चमत्कार दाखवून गेला. तो रोज येऊ लागला. तिच्याबरोबर शेण वेचायला गेला, पाणी भरलं, म्हातारी बाई होऊन चंद्रभागेवर तिचं धुणं धुतलं. महिपतीबुवांनी शके १६८४ मध्ये, म्हणजे १७६२ साली, भक्तविजय ग्रंथ लिहिला आणि त्यात जनाबाईच्या या कथा प्रेमानं सांगितल्या. तेव्हापासून खेडोपाडी कीर्तनांत त्या रंगल्या. पण आपण टाळ्या वाजवतो देवाच्या येण्याला. त्याच्या आधी जनाबाईनं हाक मारली होती, हे विसरतो. मला होत नाही, ये, असं ती म्हणाली. तिची भक्ती त्या हाकेत होती. सगळं एकटीनंच पार पाडते असा ताठा तिनं धरला असता तर जात्यासमोरची जागा रिकामीच राहिली असती.

मायबहिणींनो, आपल्यापैकी किती जणी अशी हाक मारतात? मूल रात्रभर रडलं तर नवऱ्याला उठवत नाहीत, सकाळी सासूला सांगत नाहीत. शेजारीण दोन घटका बाळ घेऊन बसते म्हणाली तर नको म्हणतात. आपल्याला जमत नाही असं कुणाला वाटू नये म्हणून. जनाबाईला साक्षात परब्रह्माला दळायला बसवताना संकोच वाटला नाही. मग आपण दिराला, नवऱ्याला, मोठ्या मुलाला एक काम सांगायला का संकोचावं?

न्हाण्याची गोष्ट तर मला त्याहून मोठी वाटते. कामाच्या धबडग्यात जनाबाईला स्वतःकडे बघायला वेळ मिळेना. केस विस्कटलेले, डोक्यात उवा. तेव्हा देवानं पाणी आणून दिलं, तिला न्हाऊ घातलं, तिची वेणीफणी केली. अठ्ठावीस युगं विटेवर उभा असलेला देव खाली बसला आणि एका दासीच्या डोक्यातल्या उवा काढू लागला. जगात असा देव दुसरीकडे सापडायचा नाही! आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना असंच सांभाळतात. तेल लावतात, शेक देतात, डिंकाचे लाडू करतात, तिला गार पाण्यात हात घालू देत नाहीत. सव्वा महिना झाला की मात्र सारं संपतं. मूल तीन वर्षांचं होईपर्यंत ती झोपेविना असते, पण तिच्या डोक्याला तेल कुणी लावत नाही. पांडुरंगानं जनाबाईची वेणी घातली तेव्हा ती बाळंतीण नव्हती. ती नुसती दमलेली होती. देवाला तेवढं कारण पुरलं.

मदतीला आलेल्या देवाचं पुढे काय झालं तेही ऐका. एका रात्री शेजारतीनंतर देव जनाबाईकडे आला आणि तिच्याबरोबर दळत बसला. अंगावरचं पदक आणि शेला काढून ठेवला होता. पहाट झाली, काकड्याची वेळ झाली, देव घाईनं उठला आणि शेल्याऐवजी जनाबाईची वाकळ पांघरून राऊळात गेला. पुजारी बघतात तर देवाच्या गळ्यातलं पदक नाही, अंगावर फाटकी वाकळ. शोध सुरू झाला आणि पदक जनाबाईच्या खोपटात सापडलं. चोरीचा आळ आला. चंद्रभागेच्या वाळवंटात तिला सुळावर द्यायला नेलं. तिनं देवाचा धावा केला आणि सुळाचं पाणी झालं.

या कथेत दोन गोष्टी आहेत. एक अशी, की दळायला बसायचं तर देवालासुद्धा पदक काढून ठेवावं लागलं. घरात मदत करायची तर आपला मोठेपणा आधी खुंटीला टांगावा लागतो. मी वीणेकरी, मी चोपदार, मी दिंडीतला मानकरी, पोराचं दुपटं मी कसं धुऊ, असं म्हणणाऱ्यानं देवाच्या या पदकाची आठवण ठेवावी. दुसरी गोष्ट कडू आहे. दासीला मदत मिळाली याचा जगाला संशय आला. तिच्या वाट्याला एवढं सुख कसं, तिनं नक्कीच चोरलं असणार. आजही बाई दुपारी घटकाभर आडवी झाली तर तिनं तो वेळ कुठून तरी चोरला असंच लोकांना वाटतं. तो विसावा तिला देवानं दिलेला आहे, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

जनाबाईला रागही येत असे. तिच्या अभंगांत विठ्ठलावर चिडलेली, त्याला चांगलंच फटकारणारी जनीही आहे. देव वेळेला आला नाही तर ती त्याची मुळीच भीड ठेवत नाही. काही लोकांना हे वाचून दचकायला होतं. पण जरा विचार करा. दिवसभर लहान मुलांत असलेल्या माणसाचा राग कुठे निघतो? बहुतेक वेळा त्या मुलावरच. थकवा फार झाला की हात उठतो, आणि मग रात्री झोपलेल्या मुलाकडे बघून आई रडत बसते. जनाबाईनं आपला राग अशा ठिकाणी नेला जिथे तो सहन होईल. पांडुरंग कमरेवर हात ठेवून उभा आहे, त्याला काय बोलायचं ते बोला, तो विटेवरून हलत नाही. लेकराला ते झेपत नाही. डोक्यात राग चढला की मूल खाली ठेवावं, दारापर्यंत जाऊन यावं, आणि जे बोलायचं ते विठोबाला बोलावं. हीसुद्धा जनाबाईचीच शिकवण म्हणायची. आणि थकवा, रडू, राग महिनोन् महिने हटतच नसेल तर वैद्याकडे, डॉक्टरांकडे जावं. नाम घेणाऱ्यानं औषध घेऊ नये असं कुठल्याही संतानं सांगितलेलं नाही.

जनाबाईच्या नावावर सुमारे ३५० अभंग आहेत. ते नामदेवरायांच्या गाथेत छापलेले असतात. त्यांत कृष्णजन्म आणि बाळक्रीडा आहे, हरिश्चंद्राचं आख्यान आहे. पण लेकरं सांभाळणाऱ्यांनी मनात ठेवावा असा तिचा एक अभंग आहे. पांडुरंग लेकुरवाळा आहे आणि सगळे संत त्याची मुलं आहेत, असं चित्र तिनं त्यात काढलंय. निवृत्तिनाथ, ज्ञानोबा, सोपानदेव, मुक्ताई, गोरोबाकाका, चोखोबा, बंका, नामदेव, सगळे त्यात आहेत. हा अभंग आपण भजनात कितीदा म्हणतो. पण त्यातला बाप कसा चालतोय ते एकदा नीट बघा. त्यानं सगळ्यांनाच उचललेलं नाही. कुणी अंगावर आहे, कुणाचा नुसता हात धरलाय, कुणी बोटाला लागलाय, आणि ज्याला चालता येतं तो आपल्या पायांनी पुढे चालतोय. हे चित्र ज्या बाईनं अनेक पोरं घेऊन वाट चालली आहे तिलाच सुचेल. सगळी पोरं एकदम कडेवर बसत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. देवालाही ते जमत नाही, आणि जमवायची त्याला गरजही वाटत नाही. चालत्याला चालू द्यावं. करंगळी धरणाऱ्याला करंगळीच द्यावी, त्याला उचलायला जाऊ नये. अंगावर घ्यावं ते तेवढं लहानग्याला. मुलांजवळ असणं म्हणजे दिवसभर त्यांना उचलून फिरणं नव्हे, एवढं समजलं तरी आईचा निम्मा थकवा जाईल. मुलाला आई हवी असते ती जवळ आहे या भरवशापुरती. विटेवरचा देव तरी काय करतो? तो तिथे आहे, एवढ्यावर आपण वर्ष काढतो.

आता आपल्या दिंडीकडे बघू. शंभर वर्षं दिंडी चालली ती टाळकऱ्यांच्या, वीणेकऱ्यांच्या, मृदंगमण्यांच्या जोरावर, यात वाद नाही. पण पुरुष वारीला निघाले तेव्हा घरी कुणीतरी पोरं सांभाळली, गुरं सांभाळली, पेरणी बघितली. त्या बायकांची नावं आपल्या जुन्या वह्यांत नाहीत. नामदेवरायांच्या मागे जशी जनाबाई होती तशा त्या आपल्या मागे होत्या. शताब्दीच्या निमित्तानं त्यांना दंडवत घालणं हे आपलं कर्तव्य आहे.

नुसत्या दंडवतानं मात्र भागणार नाही. दिंडीत चालताना आपण एक गोष्ट फार चांगली करतो. लेकुरवाळी बाई चालत असेल तर तिचं मूल एका कडेवर राहत नाही. दिवेघाट चढताना ते चार-पाच जणांच्या खांद्यावरून वर जातं. कुणी पाणी पाजतं, कुणी टोपी घालतं, कुणी त्याला टाळ वाजवायला देतं. मुक्कामाला राहुटीत ती बाई जेवायला बसली की तिचं पोर कुणाच्या मांडीवर आहे हे तिला बघावंही लागत नाही. तिथे कुणी कुणाला काम सांगत नाही, माउली म्हणून हात पुढे येतात. मग दशमीला वाखरीहून पंढरीत शिरलो, एकादशी झाली, पौर्णिमेला गोपाळपुरात काला घेतला आणि घरी परतलो, की हे हात कुठे जातात? वारीत चालते ती रीत गावात का चालू नये? दिंडीतल्या प्रत्येकानं आपल्या गल्लीतल्या एका लेकुरवाळीचं मूल आठवड्यातून एक संध्याकाळ सांभाळलं, तिला हरिपाठाला किंवा नुसतं झोपायला मोकळं केलं, तर ती जनाबाईची खरी पुण्यतिथी होईल. आणि हे काम पुरुषांनीही करायचं आहे. जात्यावर बसलेला देव पुरुषच होता ना?

जनाबाईच्या आयुष्याचा शेवटही त्या घराबरोबरच झाला. शके १२७२, आषाढ वद्य त्रयोदशी, इसवी सन १३५०. त्या दिवशी नामदेवरायांनी पंढरपूरला महाद्वारात समाधी घेतली आणि परंपरा सांगते की त्यांच्याबरोबर घरातली माणसंही समाधिस्थ झाली. जनाबाईही त्यांत होती. देवाच्या दर्शनाला जाणाऱ्या भक्तांच्या पायांची धूळ लागावी म्हणून नामदेवरायांनी पायरीची जागा मागितली. ज्याला तिनं कडेवर घेतलं, पुढे ज्याला गुरू मानलं, ज्याची दासी म्हणून तिनं आपल्या अभंगांवर आपली ओळख ठेवली, त्याच्याच पायरीशी तिला जागा मिळाली.

त्या दिवशी घरातली एक सून मात्र पंढरपुरात नव्हती. लाडाई गरोदर होती, बाळंतपणासाठी बाहेरगावी गेली होती, असं परंपरा सांगते. सगळं घर समाधीत गेलं आणि ती मागे राहिली. तिच्या पोटच्या लेकरानं नामदेवरायांचा वंश पुढे चालला. संतांच्या त्या सोहळ्याला ती हजर नव्हती, कारण तिच्याकडे एक मूल सोपवलेलं होतं. कुणी तिला कमी मानलं नाही. ज्या मायबहिणींची वारी यंदा लेकरापायी चुकली असेल त्यांनी लाडाईचं नाव घ्यावं आणि मनातली खंत काढून टाकावी.

गोपाळपुरात आजही जनाबाईचं जातं दाखवतात. भाविक तिथे खुंट्याला हात लावतात, एखादा फेरा फिरवतात आणि पुढे जातात. पुढच्या काल्याला तिथे गेलो की खुंटा जरूर फिरवावा. पण जात्याला समोरूनही एक हात लागतो, हे ध्यानात ठेवून गावी परतावं, आणि घरी पोचलो की आधी आपल्या घरात कुणाच्या समोरची जागा रिकामी आहे ते बघावं.

रामकृष्णहरी.